बुडबुडे दिसले पाहिजेत

मार्च आला की आमच्या मुलुंडच्या सोसायट्या कुजबुजू लागतात. एरवी ज्या जिन्यात माणसं तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्याशी गप्पा मारतात, तिथे लिफ्टचा दरवाजा लोक दोन्ही हातांनी, झोपलेलं बाळ गादीवर ठेवावं तसा लावतात. चौथ्या मजल्यावरचं फरशी फोडायचं काम थांबतं. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा ओशाळून आल्यासारख्या येतात. कुणाकडे दहावी असते, कुणाकडे बारावी. नेमक्या याच दिवसांत तरणतलावाच्या फाटकावर उन्हाळी बॅचचा फलक लागतो, क्लोरीनचा वास भिंत ओलांडून रस्त्यावर उतरतो, आणि तो नाकात शिरला की माझ्या पोटात एक गोळा येतो. पन्नाशीच्या माणसाला परीक्षेचा गोळा येणं शोभत नाही, हे मला मान्य आहे. गोळ्याला मान्य नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये आमच्या इमारतीत चार परीक्षार्थी होते. तिघं बोर्डाचे. चौथा मी, वय वर्षं सत्तेचाळीस. परीक्षा स्कूबा डायव्हिंगच्या इन्स्ट्रक्टरची, तीही प्रॅक्टिकल. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरणं मला सात वर्षांपासून येत होतं. एका दिवाळीत मालवणला मजा म्हणून खाली गेलो आणि वर आलो तो वेडा होऊनच. आता ते दुसऱ्यांना शिकवण्याचा परवाना हवा होता. लेखी झाली होती, समुद्रातला भाग मालवणला उरकला होता. उरला होता तलाव. अंधेरीतल्या एका क्लबच्या खोल तलावात, परीक्षकासमोर, पाच कौशल्यं करून दाखवायची. कोणती पाच, ते त्याच सकाळी कळणार.

आणि परत फिरायचे सगळे दरवाजे मी स्वतःच्या हातांनी, वाजतगाजत, बंद करून घेतले होते. विक्रोळीच्या कंपनीत पर्चेस खात्यात बावीस वर्षं काढली होती, तिथे जानेवारीतच राजीनामा देऊन मोकळा झालो होतो. देताना कँटीनमध्ये खुर्चीवर उभं राहून भाषण केलं. "मित्रांनो, मी आता खोलात जाणार आहे," असं म्हणालो तेव्हा अकाउंट्सच्या दोन बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. टाळ्या पडल्या. नोटिशीचे तीन महिने मात्र भाषणानंतर सुरू होतात, हे मी विसरलो होतो. माझ्या जागी घेतलेल्या मुलीनं आठवडाभरात माझ्या खुर्चीची उंची बदलली. मी स्टुलावर बसून तिला पुरवठादारांचे स्वभाव समजावत होतो. जुन्या जागी बूड टेकायला जागा नव्हती आणि नवी जागा अजून पाण्याखाली होती.

बायकोनं, म्हणजे वैशालीनं, तिच्या बँकेतल्या पद्धतीनं अट घातली होती. "पास झालास तर ऑक्टोबरपासून जा मालवणला, अख्खा सीझन तिकडे राहा. मी आणि आई इथे बघू. पण नापास झालास तर ते नाव परत काढायचं नाही. मला अर्धा नवरा इकडे आणि अर्धा समुद्रात असला प्रकार नको." मी तिच्यासमोर गुडघा टेकून वचन दिलं. तिनं "उठ, फरशी ओली आहे" एवढंच म्हटलं.

हे एवढं पुरेसं होतं. पण सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय निघाला आणि मला राहवलं नाही. टाकीवरून मी मालवणला गेलो, मालवणवरून परीक्षेवर आलो, आणि वीस मिनिटं सगळी सभा माझ्यासोबत पाण्याखाली होती. परिणाम चौथ्या दिवशी नाक्यावरच्या खांबावर लटकलेला दिसला. आठ फुटी फ्लेक्स. "मुलुंडचे भूषण श्री. सुहास यांची आंतरराष्ट्रीय स्कूबा डायव्हिंग इन्स्ट्रक्टरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" मध्यभागी माझा पाण्याखालचा फोटो, ज्यात मास्क आणि नळीमुळे कोण आहे तेच कळत नाही. म्हणून कोपऱ्यात, ओळख पटावी यासाठी, लग्नातला मुंडावळ्यांसकटचा दुसरा फोटो. खाली शुभेच्छुकांचे अकरा चेहरे.

मी तडक सेक्रेटरी सावंतकाकांकडे गेलो.

"काका, परीक्षा अजून व्हायचीय."

"मग? होईल ना."

"पण त्यावर निवड झाल्याबद्दल असं छापलंय."

"अरे, पाडव्याचा फ्लेक्स छापायला टाकला, त्याच्याबरोबर तुझाही टाकला. आणि खांब आत्ता मोकळा आहे. पुढे इलेक्शनवाले आले की तुला काय, देवालासुद्धा तिथे जागा मिळायची नाही."

"आणि नापास झालो तर?"

सावंतकाकांनी आधी दार लोटून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "बोर्डाच्या पोरांच्या कानावर असलं काही घालू नकोस, सुहास. त्यांचं मनोधैर्य खचतं."

त्या दिवसापासून रोज सकाळी मी स्वतःच्या मुंडावळ्यांखालून जात होतो. भाजीवाली "सर" म्हणू लागली. रस्ता बदलावा तर दुसरीकडून मंडईला वळसा पडायचा.

घरातही मोकळं असं काही नव्हतं. नवा वेटसूट आला होता. हा जाड रबरी कापडाचा सूट अंगाला कातडीसारखा बसतो, आणि तसाच बसला तर तो चांगला म्हणतात. भर दुपारी, पंख्याखाली, मी तो घालून पाहिला. शिरलो छान. पण चेन पाठीवर अर्ध्यात अडकली, एक हात बाहेर, एक आत, आणि घामानं आतलं सगळं चिकटून गेलं. वैशाली बँकेत. घरात फक्त आई. ती खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली आणि माझ्याभोवती एक फेरी मारून तिनं पाहणी केली.

"खंयसून ओढू? ह्याका शेपूट खंय आसा?"

"हात ओढ गं, हात."

"गप ऱ्हव. जल्मभर बांगडे साफ केलंय मी."

पंधरा मिनिटांनी तिनं मला सोडवलं तेव्हा आम्ही दोघं पलंगावर बसून धापा टाकत होतो. मग तिनं पदरानं हात पुसले आणि विचारलं, "पाण्यात बोलाक येता?"

"नाही गं. तोंडात नळी असते. एक अक्षर बोलता येत नाही."

तिनं तेलाच्या बाटलीला झाकण लावलं. हसली असती तर बरं झालं असतं. "मगे तू कसो पास होतलस?"

प्रश्न चुकीचा नव्हता. पण मला वाटत होतं, बोलता आलं नाही तरी हात आहेत. पाण्याखालचा शिक्षक हा सगळा मूकनाट्याचा मामला. मास्क कसा काढायचा, परत कसा लावायचा, सुटलेली नळी कशी शोधायची, हे सगळं इतकं सावकाश आणि इतकं मोठं करून दाखवायचं की घाबरलेल्या माणसालाही कळावं. गणपतीत मी तीन वर्षं रावण केलाय. मला वाटलं, माझ्यासाठीच काढलीय ही परीक्षा.

तयारी करून घेणारी दर्शना वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. एकोणतीस वर्षांची, उन्हानं रापलेली, कमी बोलणारी. तिच्या घरी पिढ्यानपिढ्या होड्या. ती म्हणायची, "आमचे लोक वरून जाळं टाकतात. मी खाली जाऊन बघते, कोण कोण अडकलंय." पहिल्याच दिवशी तिनं मला काका करून टाकलं. मी म्हटलं, अगं, नावानं हाक मार. ती म्हणाली, "हो काका."

आमच्या इथल्याच तलावात, सकाळच्या बॅचा आटोपल्यावर, आम्ही दोघं तळाशी समोरासमोर गुडघ्यांवर बसायचो. वर आलो की तिचं सुरू.

"काका, आरती ओवाळताय का?"

"अगं, सावकाश करतोय."

"सावकाश करा, सजवू नका. मास्क काढायचाय, मुकुट नाही."

आठवडाभरात हात वठणीवर आले. आणि मग, परीक्षेला अकरा दिवस उरलेले असताना, तिनं मला दंडाला धरून वर आणलं. काठाला तिनं कोपर टेकलं.

"तुमचे बुडबुडे कुठे गेले?"

"कुठले?"

"मास्क काढल्यापासून लावेपर्यंत एकही बुडबुडा नाही. बावीस सेकंद. मी मोजले."

"मी श्वास फार सावकाश सोडतो. प्राणायाम केलाय पाच वर्षं."

"काका."

आता हे सांगायला हवं की स्कूबाचा पहिला नियम श्वास रोखायचा नाही हाच आहे. खाली भरलेली हवा वर येताना फुगते, आणि फुप्फुस म्हणजे काही बाजारातली पिशवी नाही. म्हणून नळीतून श्वास घेत राहायचा, सोडत राहायचा, बस. आणि हे मी सात वर्षं लोकांना चहा पाजून सांगत आलो होतो. पण मास्क नाकावर असतो. तो निघाला की नाकपुड्यांना पाणी लागतं, आणि त्या क्षणी माझ्या आत कुणीतरी धाडकन शटर ओढतं. श्वास बंद. आधीच्या प्रत्येक परीक्षेत मास्क पाच सेकंदांत काढून लावला होता, त्यात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. शिक्षकाला मात्र सावकाश दाखवायचं असतं. परीक्षक समोर बसून बघणार, आणि बुडबुडे दिसले नाहीत तर तिथेच संपलं.

"लहानपणी," मी सुरुवात केली, "गावच्या विहिरीवर आम्ही चुलतभावंडं, श्रावणातली दुपार, आणि माझा एक काका, मोठ्या मिशांचा..."

"हे खरंय?"

मी पाय हलवत राहिलो. वर एक कावळा काठावरच्या चपलेशी खेळत होता.

"नाही," मी म्हटलं.

"मग?"

"मला भीती वाटते."

एवढंच निघालं. त्याला ना आगा होता ना पीछा, ना विहीर ना मिशा. सत्तेचाळीस वर्षांत मी इतकं छोटं वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. दर्शनानं केस पिळले, गाठ मारली. "अकरा दिवस आहेत. उद्यापासून मास्क घरी ठेवून या."

आज मागे वळून पाहिलं की वाटतं, श्वास रोखण्याचा ठपका मी एकट्यानंच का घ्यावा? आपलं शहरच त्यात पटाईत. मानखुर्दवरून गोवंडीकडे रिक्षा वळली की डंपिंगच्या कचऱ्याच्या वासानं आतले तिघंही एकदम गप्प होतात, गाल फुगवतात, आणि पूल संपला की एकत्र सोडतात. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली की श्वास सोडत नाही. वन-बीएचकेत भांडण व्हायचं असलं की पाहुणे जाईपर्यंत सोडत नाही. मी तर बोलत असायचो म्हणून कुणाला कळायचं नाही. आता वाटतं, ते बोलणंही बहुधा तेच होतं. तोंड चालू ठेवलं की आत काय बंद आहे ते कोण बघतो?

त्या अकरा दिवसांत मी आमच्या न्हाणीघरात राहायला गेलो म्हटलं तरी चालेल. आमचं न्हाणीघर असं की आत उभं राहून साबण पडला तर दार उघडूनच वाकावं लागतं. तिथे बादलीपुढे बसायचं, तोंडात वाकडी श्वासाची नळी धरायची, मास्क न लावता चेहरा बादलीत बुडवायचा आणि श्वास घ्यायचा. भिंतीला पाठ, दाराला पाय, बादलीत डोकं. पहिल्या दिवशी तीन सेकंद. डोकं वर काढलं की नळाला आपटायचं.

बाहेरून वैशाली. "सुहास, साडेआठ झाले. मला बँकेत जायचंय."

नळीतून मी भोंग्यासारखा आवाज काढला.

"काय?"

पुन्हा भोंगा.

"जे काय असेल ते लिहून ठेव. बाहेर ये."

ओल्या चेहऱ्यानं बाहेर आलो तेव्हा तिनं टॉवेल दिला आणि दारात आडवी उभी राहिली. "जमत नाहीये ना?" मी लगेच एक बादलीवरचा विनोद काढला. चांगला होता. ती हसली नाही. "मी विचारलं, जमत नाहीये ना?" मी मान हलवली. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. पाण्याचा आवाज यायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.

खांबावरचा मी उन्हात हसतच होतो. विक्रोळीत स्टुलावर होतो. तलावाच्या तळाशी दर्शना माझा मनगटाचा पट्टा धरून बसायची, मी उघड्या नाकानं, मिटल्या डोळ्यांनी समोर. शटर खाली. ती पट्टा हलवायची. शटर खालीच. पाचव्या दिवशी ती वर येऊन म्हणाली, "गुणगुणा."

"काय?"

"खाली गुणगुणा. गुणगुणताना श्वास धरता येत नाही. इथेच करून बघा."

मी करून पाहिलं. तोंड बंद ठेवून गुणगुणलं की हवा कुठून ना कुठून बाहेर पडतेच. "काय गुणगुणू?"

"काहीही. पाढे म्हणा. तुमच्या वेळी पाठ असायचे ना?"

"माझ्या वेळी" हे मी मोठ्या मनानं गिळलं आणि खाली गेलो. मास्क काढला. अंधार, नाकाला गार बोट लागावं तसं पाणी, शटर खाली यायला निघालंच होतं, आणि मी नळीत हुंकारलो. बे एके बे. पाण्यात आवाजाला दिशा नसते. तो माझ्या कवटीतून, टाकीतून, चारही भिंतींतून एकदम आला. बे दुणे चार. कानाजवळून काहीतरी गुदगुल्या करत वर गेलं. बुडबुडे! बे चोक आठला मी घाईनं मास्क चढवला. वर आलो तर वॉचमन पंपघरातून धावत येत होता. काठावर पाय सोडून बसलेल्या ज्येष्ठ महिलांनी त्याला सांगितलं होतं की तलावात मोटर अडकलीय आणि ती रडतेय.

आता मी शिकवतो तेव्हा समोर कुणी नाकपुड्या आवळून बसलं की मला वरूनच कळतं. माणूस फार हसत असला, फार विचारत असला, की मी आधी त्याच्याकडे बघतो. पण त्या मार्चमध्ये मी कुणाकडे बघत नव्हतो. मी बे सक बारापर्यंत पोचलो, दोन दिवस तिथेच अडकलो, मग एकदा साती चौदा झालं, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी जेमतेम बे दाहे वीस. दर्शना म्हणाली, "एवढं पुरे. उद्या मास्कचं निघालंच तर."

अंधेरीचा तो तलाव खोल आणि निळाशार. डोक्यावरून दर दोन-तीन मिनिटांनी विमान जायचं. परीक्षक चेन्नईहून आलेले, पाठ सरळ, चेहऱ्यावर एकही स्नायू न हलवणारे गृहस्थ. आम्ही चार उमेदवार. त्यांनी पाच कौशल्यं वाचून दाखवली. तिसरं होतं मास्क पूर्ण काढून परत लावणं. मी दर्शनाकडे पाहिलं. ती काठावर बसून नखं कुरतडत होती. तिला नखं कुरतडायची सवय आहे हे मला तेव्हा कळलं.

तळाशी गेलो. समोर परीक्षक, हातात पाटी. बाजूला विद्यार्थी म्हणून बसवलेले बाकीचे तिघे. पहिली दोन कौशल्यं झाली. मग मी बोट दाखवलं: बघा. पट्टा सैल केला. मास्क वर उचलला. पाणी आलं, नाकाशी थांबलं. शटरचा खडखडाट ऐकू आला.

बे एके बे.

बुडबुडे गेले. दुणे चार. गेले. मी मास्क हातात समोर धरला, दाखवला, खाली घेतला. सगळं सावकाश, काही न सजवता. सक बारा. वरून एक विमान गेलं, त्याची घरघर पाण्यात उतरली आणि माझ्या हुंकारात मिसळून निघून गेली. दाहे वीस. आता लावायचा. पण मी तीन एके तीन सुरू केलं. का, ते ठाऊक नाही. तीन चोक बाराच्या आसपास कधीतरी गुणगुणणं थांबलं, आणि बुडबुडे मात्र चालूच राहिले. आत, बाहेर. आत, बाहेर. मी डोळे उघडले. सगळं पुसट होतं, निळ्यावर चार काळे डाग. त्यातला कुठला परीक्षक ते कळत नव्हतं, आणि त्या चारांपैकी कुणीही मी काहीतरी सांगावं म्हणून थांबलेलं नव्हतं. मी तिथे नुसता बसलो होतो. किती वेळ, ते मोजायला मी नव्हतोच.

खांद्यावर तीन टिचक्या पडल्या. परीक्षक बोटानं चेहऱ्याकडे खूण करत होते. मास्क लावा.

निकाल दुपारी काठावरच सांगितला. पास. मास्कच्या कौशल्यात एक गुण कापलेला. परीक्षक त्यांच्या नीटनेटक्या इंग्रजीत म्हणाले, "बुडबुडे उत्तम. पण विद्यार्थ्यांना दाखवायचं असतं, तिथे मुक्कामाला जायचं नसतं." दर्शनानं माझ्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की पाऊल घसरलं. "सुटलात, काका."

कपडे बदलून मी फाटकाबाहेर आलो आणि वैशालीला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. म्हणजे तो हातातच होता.

"काय झालं?"

"पास."

"खरं?"

"खरं."

ती वाट बघू लागली. ती बरोबरच होती, बावीस वर्षांची सवय. आता विमान येणार, परीक्षक येणार, त्यांच्या मिशा येणार. नसलेल्या मिशासुद्धा येणार. मीही वाट बघत होतो. काहीच येईना.

"सुहास? बोल ना."

"एवढंच."

"कानात पाणी गेलंय का तुझ्या?"

"नाही गं."

"बरं आहेस ना पण?"

"बरा आहे."

तिच्या मागे कुणीतरी टोकन नंबर पुकारत होतं. मग एक दार लागल्याचा आवाज आला आणि ते पुकारणं बंद झालं. ती कुठेतरी एकटी जाऊन उभी राहिली असावी. फोन तिनं ठेवला नाही, मीही नाही. समोरच्या रस्त्यावर बसचा कर्कश ब्रेक लागला, सिग्नल सुटला, पुन्हा लागला. आणि त्या गोंगाटात, लग्नानंतर पहिल्यांदाच, मला फोनवर तिचा श्वास ऐकू आला.